सोनारीजवळ बसलेले चाक

ईट पाहायचे म्हणून कोणी ईटला जात नाही. भूम तालुक्यातले ते एक मोठे, शेतीवर आणि दुधावर जगणारे गाव आहे. ज्याचे तेथे काम असते तो जातो आणि काम उरकले की परततो. माझेही कामच होते. एरवी प्रवासाविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवूनही मी नकाशाबाहेर फारशी गेले नाही, आणि मोटार चालवायला शिकले ती निवृत्तीनंतर, ज्या वयात इतर लोक ती चालवणे सोडण्याचा विचार करतात. परंतु आमच्या बाजूच्या ज्या वाचकांना धाराशिव जिल्हा केवळ तुळजापूरपुरता ठाऊक आहे, त्यांना त्याच्या पश्चिमेच्या कोपऱ्यात माणसे वाट कशी पाहतात हे कळावे, एवढ्यासाठी हे लिहून ठेवत आहे.

वाई

इंदूआत्या पहाटे गेली. तिचा मुलगा भास्कर याचा फोन आला तेव्हा नदीवर अजून धुके होते.

"ताई, आई गेली," तो म्हणाला. "राती चांगली जेवली. पहाटं उठलीच न्हाई."

मग म्हणाला, "माहेरचं लुगडं लागंल. अण्णा म्हणतेत, ते आल्याबिगर उचलायचं न्हाई."

अण्णा म्हणजे त्याचे वडील, आत्याचे यजमान. आम्ही त्यांना मामा म्हणतो. तरुणपणी ते वाईला गुरांच्या दवाखान्यात नोकरीला होते. माझ्या आजोबांची एक म्हैस त्यांनी वाचवली आणि त्या ओळखीतून आजोबांनी आपली मुलगी त्यांना दिली, असे आमच्या घरात सांगत. पुढे बदली होऊन ते आपल्या मुलुखात परतले आणि आत्या कृष्णाकाठ सोडून बालाघाटाच्या माळावर गेली, ती कायमचीच.

बाई गेली की तिच्या अंगावर माहेरहून आलेले लुगडे घालायचे, ही रीत आमच्याकडेही आहे. मात्र आमच्याकडे उशीर झाला तर ते दहाव्याला देऊन वेळ भागवतात. मामांना तसे भागवणे मान्य नव्हते. आणि आत्याच्या माहेरात आता उरले कोण होते? माझे वडील गेले, धाकटा भाऊ ऑस्ट्रेलियात. मी लग्न केले नाही, त्यामुळे त्या घराचे नाव आणि त्या घराची किल्ली या दोन्ही गोष्टी माझ्याकडेच राहिल्या.

"बाईमाणसाने आणलेले चालेल का रे?" मी विचारले.

"तुमी आणल्यालंच चालंल. दुसरं कोण हाय?" भास्कर म्हणाला. "फकस्त दिवस मावळायच्या आत या. मावळल्यावर आमच्यात अग्नी देत न्हाईत."

कापडवाल्यांनी माझ्यासाठी दुकान लवकर उघडले. हिरवे नऊवारी मागितल्यावर त्यांनी चार-पाच घड्या उलगडल्या, पण ते कशासाठी हवे आहे हे समजताच बोलणे थांबवले, त्यातले एक स्वतः निवडले आणि दुकानाचे नाव नसलेल्या साध्या कागदात बांधून दिले. मी निघाले तेव्हा ऊन चांगले वर आले होते.

गाडीविषयी येथेच सांगितले पाहिजे. ती भावाने हट्टाने घ्यायला लावली होती. तिच्या चारही चाकांत हवेचा दाब मोजणारे सेन्सर आहेत. कोणत्या चाकात किती हवा आहे ते समोरच्या पडद्यावर आकड्यांत दिसते, आणि हवा कमी झाली की पिवळा दिवा लागून गाडी कण्हल्यासारखा आवाज करते. "बाई माणूस एकटी फिरणार, तिला चाकाची चिंता नको," असे भाऊ फोनवर म्हणाला होता. विकणाऱ्या मुलीने त्यापुढे जाऊन सांगितले होते की आता स्टेपनीचीही गरज उरलेली नाही. स्टेपनीच्या जागी एक छोटा विजेचा पंप तेवढा दिला होता. मी दोघांचेही ऐकले. ज्या विषयातले आपल्याला कळत नाही त्यात माणूस ऐकतोच.

भिगवण ते करमाळा

लोणंद, बारामती मागे पडली. भिगवणच्या पुढे उजनीचे पसरलेले पाणी लागते. थंडीच्या दिवसांत तेथे परदेशी पक्षी येतात आणि ते पाहायला लोक होडीत बसतात. मी वर्गात या जलाशयाचे क्षेत्रफळ सांगत असे. प्रत्यक्ष पाहिला तेव्हा तो एवढा मोठा असेल असे वाटले नव्हते, आणि थांबायला सवड नव्हती.

करमाळ्याकडे वळल्यावर जमीन पालटू लागते. आमच्याकडे कोठेही उभे राहिले तरी समोर एखादा डोंगर असतो. येथे नजर अडवायला काही नाही. काळी जमीन, तिच्यावर कमरेएवढा शाळू, मधूनच उसाचा हिरवा चौकोन, आणि रस्ताभर उसाने भरलेल्या ट्रॉल्या. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर गाणी लावलेली. अशा ट्रॉलीला ओलांडून पुढे जाणे हा माझ्या शिक्षणातला अपुरा राहिलेला धडा आहे. मी त्यांच्या मागे मागेच चालले.

करमाळा सोडल्यावर पिवळा दिवा लागला. मला त्याचे काही वाटले नाही. वाईला थंडीच्या सकाळी तो नेहमीच लागतो: हवा गारठ्याने आक्रसते, दाब उतरतो, चाके चालून तापली की दिवा आपोआप विझतो. हे मी स्वतःच ताडले होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. आता दुपार झाली होती, चाके तापलेली होती, तरी मी तेच कारण मनाशी धरले. पडद्यावर मागच्या डाव्या चाकाचा आकडा उतरत राहिला. गाडी एका बाजूला ओढू लागली तेव्हा कोठे मी थांबले.

चाकात लोखंडी पट्टीचा बोटभर तुकडा घुसला होता. बहुधा एखाद्या ट्रॉलीचाच असावा. मी पंप लावला, आकडा वर चढला. निघाले की पुन्हा उतरू लागे. ज्या यंत्राने मला निश्चिंत करायचे होते ते आता दर मिनिटाला आणखी किती उरले ते सांगत होते. असे थांबत, भरत, रस्त्याच्या कडेने मी सोनारीच्या अलीकडच्या एका पंक्चरच्या टपरीपर्यंत आले.

सोनारी

सोनारी हे परंडा तालुक्यातले काळभैरवाचे ठिकाण. भैरोबाला येणाऱ्यांची वर्दळ बाराही महिने असते. गावात माकडे फार, आणि त्यांना कोणी हाकलत नाही. माझी गाडी टपरीसमोर उभी राहिली तोच दोन माकडे टपावर येऊन बसली आणि संपूर्ण वेळ तेथेच राहिली.

टपरी दिगंबर नावाच्या चाळिशीच्या माणसाची होती. पत्र्याचे छप्पर, बाभळीला टांगलेला एक टायर, मागे शेळ्यांचा गोठा. त्याची आई बाजल्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"मागील डाव्या चाकातील हवा कमी होत आहे," मी म्हणाले.

त्याने वाकून पाहिले. "कमी व्हत न्हाई बाई. झालीया."

पट्टी उपसून त्याने भोकात बाहेरूनच रबराची दोरी भरली, मग दुसरी भरली. वर साबणाचे पाणी टाकले. फुगे येतच राहिले.

"भोक न्हाई, चीर हाय. आतनं पॅच मारावा लागंल. टायर रिंगवरनं उतरावं लागंल," असे म्हणत त्याने चाक काढले आणि हवा भरायच्या वॉल्व्हवरची माती अंगठ्याने पुसली. वॉल्व्ह रबराचा नव्हता, धातूचा होता. त्याने हातातली पहार खाली ठेवली.

"ह्याच्या पोटात सेन्सर हाय."

"हो, आहे."

"मग म्या न्हाय हात लावत. बार्शीला न्या. तितं मशीनवर उतरत्यात."

त्याचे कारण त्याने सांगितले. मागच्या वर्षी कोणी एक साहेब अशीच गाडी घेऊन आले होते. टायर उतरवताना पहारीखाली सेन्सर मोडला. साहेबांनी आधी काही सांगितले नव्हते, नंतर मात्र पुष्कळ सांगितले. भरपाईसाठी दिगंबरला दोन शेळ्या विकाव्या लागल्या.

"दोन न्हाईत, तीन," आई शेंगेवरून नजर न काढता म्हणाली. "अन् तिनीबी गाभण."

"आये, तू गप की."

"गप कशाला? शेळ्या माज्या व्हत्या."

तेव्हापासून त्याने एक रीत घातली होती. सेन्सरच्या गाडीवाल्याने त्याच्या मोबाइलसमोर उभे राहून, चारचौघांच्या साक्षीने, सेन्सर तुटला तर माझे मी पाहीन असे तोंडाने बोलायचे. तो व्हिडिओ त्याच्याजवळ राही. मगच चाकाला हात.

मागणी रास्त होती. पण तोवर एक ट्रॅक्टरवाला, देवदर्शनाहून परतणारे एक कुटुंब आणि चहाच्या गाड्यावरचे चार-पाच जण भोवती जमले होते. इतक्या अनोळखी माणसांत, फोनच्या डोळ्यात पाहून, आपले नाव सांगून बोलायचे, ही कल्पनाच मला पेलवेना. शाळेच्या निरोपसमारंभातही मी भाषण लिहून देऊन ते दुसऱ्या बाईंकडून वाचवून घेतले होते. "मी विचार करते," असे म्हणून मी गाडीपाशी गेले आणि उन्हात तशीच उभी राहिले.

भास्करचा फोन आला. "कुठपर्यंत आलाव ताई?"

"आलेच," मी म्हणाले. "सोनारीजवळ आहे. चाक थोडे बसले आहे."

"कुणाला मोटरसायकलवर पाठवू का? तुमाला घेऊन येतील. गाडी ऱ्हाऊ दे तितंच."

"नको, नको. होतच आले आहे."

काहीही होत आलेले नव्हते. चाक जमिनीवर पडून होते आणि मी अजून हो म्हटले नव्हते. परंतु त्या घरात मृत्यू झालेला, आणि त्यात आपल्यामुळे एक माणूस इतक्या दूर हेलपाटा घालणार, हे मला फार मोठे मागणे वाटले. ट्रॅक्टरवाल्यानेही विचारले, "म्या मोटरसायकलवर सोडू का ईटला? तासाभराचा तर रस्ता." त्याच्याही मोटरसायकलवर बसायला मी आभार मानून नकार दिला.

थोड्या वेळाने भास्करने पुन्हा फोन केला. या खेपेस त्याने तोडगा काढला होता. ईटच्या दुकानातून तो एक हिरवे लुगडे आणवणार, त्याचे पैसे मी येथून फोनवरून थेट दुकानदाराला पाठवायचे, म्हणजे ते माहेरचेच झाले. मला एकदम सुटल्यासारखे वाटले. दुकानदाराचा पैसे भरायचा काळा-पांढरा चौकोनी कोड फोनवर आला, मी पैसे पाठवले आणि बाजल्याच्या कडेला बसून राहिले. दिगंबरच्या आईने चहा पुढे केला. उचलेपर्यंत काही घ्यायचे नाही, असे मी तिला सांगितले. तिने कप परत घेतला आणि स्वतःही चहा न पिता बाजूला ठेवला.

तेवढ्यात तिसरा फोन. भास्करचा आवाज उतरलेला होता.

"अण्णा न्हाई म्हणतेत, ताई. म्हणले, माझ्या गावच्या दुकानातलं मीच नेसवायचं अन् माहेरचं म्हणायचं व्हय? ती भाची निघालीय म्हणती नव्हं? मग येऊ द्या. लोक लई समजावायलेत, पर ऐकत न्हाईत. किती वेळ लागंल तुमाला? खरं सांगा."

"आलेच," मी पुन्हा म्हणाले.

फोन ठेवून मी दिगंबरकडे गेले. "काढा व्हिडिओ," मी म्हणाले.

त्याने फोन धरला. लोकांनी जागा करून दिली. मी दोन्ही हात जोडून उभी राहिले, कारण हातांचे दुसरे काय करायचे ते कळेना, आणि म्हणाले, "सदर चाकातील दाबमापक यंत्रास दुरुस्तीच्या दरम्यान काही हानी पोहोचल्यास त्याचे संपूर्ण उत्तरदायित्व..."

"थांबा बाई, थांबा," दिगंबरने फोन खाली केला. "सादं बोला. उद्या हवालदारानं बघितलं तर त्याला उमजाय पायजे."

"कीर्तन चाललंय का हितं?" ट्रॅक्टरवाला म्हणाला. माणसे हसली. मला हसू आले नाही, पण राग आला असेही नाही.

"सेन्सर तुटला तर मी दिगंबरला काही बोलणार नाही," मी म्हणाले. "पैसे मागणार नाही. माझी आत्या गेली आहे. मला दिवस मावळायच्या आत ईटला पोहोचायचे आहे."

दिगंबरने फोन खिशात टाकला आणि म्हणाला, "हे आदी सांगायचं न्हाई व्हय, बाई? येवढा येळ काय हुबं ऱ्हाऊन सूर्य मोजत व्हताव का?"

आई म्हणाली, "तू तरी कवा इचारलंस?"

मग सगळे फार लवकर घडले. दोन माणसे चाकावर उभी राहिली, त्याने पहार घातली, कडा उचलली. आत काहीतरी कट् असे वाजले. दिगंबरचा हात तेथेच थांबला. त्याने प्रथम ज्या खिशात फोन होता तिकडे आणि मग माझ्याकडे पाहिले. काळ्या प्लास्टिकचा तो अंगठ्याएवढा तुकडा त्याने बाहेर काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"असू दे," मी म्हणाले.

त्याने जुन्या पद्धतीचा रबरी वॉल्व्ह बसवला, आतून पॅच मारला, हवा भरली. पंक्चरचे दीडशे रुपये घेतले, वॉल्व्हचे घेतलेच नाहीत. पुढे वाईला परतल्यावर नव्या सेन्सरला काही हजार पडतील असे कळले आणि टायरही बदला असा सल्ला मिळाला. टायर बदलला, सेन्सर अजून बसवलेला नाही.

भूमच्या वाटेवर

सोनारीहून निघाले तेव्हा ट्रॉल्यांच्या सावल्या रस्ता ओलांडून शेतात गेल्या होत्या. पडद्यावर तीन चाकांचे आकडे होते आणि चौथ्याच्या जागी नुसत्या दोन रेघा. पिवळा दिवा सतत जळत होता. मी पहिल्यांदाच ट्रॉल्यांना ओलांडले.

भूमच्या आसपासचा हा सारा टापू खव्याचा आहे. पाऊस बेभरवशाचा, म्हणून घरोघरी दुभते जनावर. आणि त्या दुधाचा गावागावांतल्या भट्ट्यांवर खवा होतो. संध्याकाळची धार निघाली की भट्ट्या पेटतात. त्या वेळी रस्त्याने जाणाऱ्याला दर वस्तीवरून धुराची एकेक दोरी वर चढताना दिसते आणि आटणाऱ्या दुधाचा गोड, किंचित करपलेला वास गाडीत शिरतो. आमच्याकडे संध्याकाळ ही देवळातल्या घंटेने कळते. येथे ती या वासाने कळत असावी. एरवी मी या वासाचे कौतुक केले असते.

भूम ओलांडले आणि आरशात सूर्य दिसेनासा झाला.

ईट

आत्याच्या गल्लीत शिरताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की तेथे धूर नव्हता. गावात सगळीकडे होता, त्या एका गल्लीत नव्हता. भिंतींच्या कडेने पुरुष उकिडवे बसले होते. कोणी उठले नाही.

"आले का पाव्हणे?" अंधूक उजेडात कोणीतरी म्हणाले.

"पाव्हणी हाय."

"येकलीच?"

"व्हय, येकलीच."

मी कागदातले लुगडे दोन्ही हातांनी छातीशी धरून आत गेले. आत्या जमिनीवर होती, भोवती बर्फाच्या लाद्या आणि भुसा. तिच्या उशाशी मामा भिंतीला टेकून बसले होते. ते ऐंशीच्या पुढचे आहेत. त्यांना कमी दिसते, त्यामुळे त्यांनी मला पायांच्या आवाजावरून ओळखले की कोणी सांगितले होते, कोण जाणे. ते आत्याच्या कानाशी वाकले.

"इंदू, आली बघ तुझी भाची," ते म्हणाले. "मी म्हणलं नव्हतं?"

मग माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "चाक बसलं व्हतं म्हणं."

"हो, मामा."

"व्हतंय. बस."

बाहेर जाणत्या माणसांनी आपसात बोलून ठरवले. दिवस गेला होता. आता सकाळीच. कोणी आवाज चढवला नाही. फक्त एक एक जण उठून गेला, आणि जाताना धोतराची धूळ झटकल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

आत्याची जाऊ गोदाकाकू हिने मला मागच्या पडवीत नेले आणि गल्लीत धूर का नाही ते तेथे सांगितले. मढे घरात असेतो त्या गल्लीत चूल पेटत नाही. आमच्याकडेही हे पूर्वी होते. आता शेजारी दार लोटून घेतात आणि कुकर लावतात. येथे गल्ली म्हणजे आठ-दहा घरे, आणि त्यांनी पहाटेपासून विस्तव पाहिला नव्हता. मुलांना दुसऱ्या आळीत जेवायला पाठवले होते. मोठी माणसे तशीच होती.

"दुपारीच उचलायचं व्हतं," गोदाकाकू म्हणाली. "पर भास्कर म्हणायचा, ताई आल्याच म्हणतेत, सोनारीला हायत. मग लोकं म्हणायचे, आता येतीलच की, थांबू. आल्याच, आल्याच करता दिवस गेला. न्हाईतर आमीच कुणाला तरी धाडलं असतं तुमाला आणाय."

तिने हे तक्रारीच्या सुरात सांगितले नाही. घडले त्या क्रमाने सांगितले.

समोरच्या घरातून पाणी ओतल्यासारखा आवाज येत होता, बराच वेळ. ते पाणी नव्हते. समोर शेवंताबाईंची खव्याची भट्टी होती. आसपासच्या वस्त्यांवरचे सकाळचे दूध त्यांनी दिवसभर पाण्यात ठेवून कसेबसे राखले होते. आता उचलतील, मग आता उचलतील, अशा आशेने संध्याकाळचेही घेतले होते. भट्टी पेटलीच नाही. सकाळचे दूध नासले होते आणि ते कॅनांतून मोरीत ओतले जात होते. संध्याकाळचेही उजाडेपर्यंत राहणार नव्हते.

त्या रात्रीविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

सकाळ

उजाडताच बायका आल्या. आंघोळ घातली. गोदाकाकूने मला आत्याच्या उजव्या अंगाला बसवले आणि लुगड्याची घडी मोडायला सांगितली. मला नऊवारी नेसता येत नाही, नेसवणे तर दूरच. मी तसे कुजबुजत सांगितले.

"तुमी नुस्ता पदर धरा," ती म्हणाली. "माहेरचा हात लागला म्हंजी झालं. बाकी आमी करतो."

त्यांनी ओच्याकडून सुरुवात केली. चार बायकांचे हात एकमेकींच्या आडून, न बोलता चालत होते आणि मी पदराचे टोक धरून बसले होते. कोरे कापड ताठ असते. ते तिच्या थंड खांद्यावर बसेना, सारखे निसटे. मामांना दाराशी आणले. त्यांनी हात पुढे करून काठ चाचपला, त्याची वीण दोन बोटांत घेऊन पाहिली, आणि मान हलवून हात मागे घेतला. भास्करने त्यांना बाहेर नेले.

तिला नेले. आमच्याकडे हल्ली बायकाही स्मशानात जातात. येथे जात नाहीत. दारापर्यंत जाऊन आम्ही परतलो, आणि घर सारवायला घेतले. मी शेणाची पाटी उचलू लागले तर गोदाकाकूने ती माझ्या हातातून काढून घेतली. मग मी ओसरीवर जाऊन बसले. दाराशी कडुनिंबाचा डहाळा ठेवला होता. पुरुष परतले, त्यांनी एकेक पान तोंडात टाकले, हातपाय धुतले आणि पांगले.

त्यानंतर गल्लीत धूर दिसू लागला. आधी कोपऱ्यावरच्या घरातून, मग एकापाठोपाठ. ओली काटकी पेटवण्याचा खोकला, कोणीतरी मुलाला दिलेली हाक, भाकरी थापल्याचा आवाज. समोरची भट्टी मात्र पेटली नाही. तिच्यात घालायला काही नव्हते.

शेवंताबाई दुरडी घेऊन आल्या. दुःखाच्या घरी चूल नसते, शेजारच्यांनी आणून वाढायचे असते. पिठले, भाकरी, तोंडी लावायला ठेचा. बाई पन्नाशीच्या, उंच, डोळ्यांखाली जागरण असलेल्या. त्यांनी मामांना वाढले, भास्करला वाढले, आणि शेवटी माझ्यापुढे ताट ठेवले. मी हात जोडले.

"मला भूक नाही," मी म्हणाले.

"कालपासनं काय खाल्लंय?"

"काही नाही."

"मग भूक न्हाई म्हणजी? आमी तुमच्यापायी उपाशी ऱ्हायलो. आता तुमी आमच्यापायी ऱ्हायलाव तर कुनाचं प्वाट भरनार हाय?"

गोदाकाकू दारातून म्हणाली, "शेवंते, पाव्हण्या हायत त्या."

"मग? पाव्हण्यांनाच वाढायलेय की."

मी ताट ओढून घेतले. परंतु ते सांगितल्याशिवाय घास जाणार नव्हता. "तुमच्या दुधाचे मला भास्करकडून कळले असते तर," मी म्हणाले, "मी कोणाच्याही गाडीवर बसून आले असते. त्याची भरपाई..."

"दूध?" त्यांनी मला बोलू दिले नाही. त्या ओसरीच्या कडेला टेकल्या आणि पदराने मान पुसली. "उद्या राखंवर दूध वतायचंच हाय. तिच्या नावानं दोन दिवस आदी वतलं म्हणायचं. जरा जास्त वतलं. म्हातारी माज्या भट्टीवर येऊन बसायची रोज, फुकट खवा चाटायची. तिचं काय मोजायचं?"

मी भाकरी मोडली.

"पर एक सांगू का, ताई? राग मानू नका."

"सांगा."

"आलेच म्हनू नका मानसाला. तो वाट बघत बसतो. न्हाई येत, लई येळ लागंल, असं म्हना. मग तो दुसरं काय तरी करतो."

"हो," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या ताटात आणखी पिठले वाढले. मी नको म्हणायला हात वर केला, आणि मग खाली घेतला. मला ते हवे होते.